हळदीचे रुमाल घेऊन बुलढाण्याला

माणसं काशीला जाऊन आली की लिहितात, रामेश्वराला जाऊन आली की लिहितात. मी बुलढाण्याला जाऊन आलो. आमच्या बीबी गावाहून बुलढाणा काही सातासमुद्रापलीकडे नाही. ज्यांची कोर्टात भांडणं आहेत ती माणसं तिथं वरचेवर जातात आणि आल्यावर तोंडही उघडत नाहीत. पण मेहकरच्या बाजाराला जायचं म्हटलं तरी ज्याचा घसा आदल्या दिवशीपासून धरतो, असा माणूस सहा लेकरं घेऊन बुलढाण्याला गेला आणि जिवंत परत आला, यावर आमच्या घरात अजून कुणाचा विश्वास बसत नाही. म्हणून लिहून ठेवतो.

घशाचं आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण या प्रवासात घशाला फार महत्त्व आलं. माझा घसा नाजूक आहे. निदान मी तसं म्हणतो. दसऱ्याला एक तपकिरी मफलर गळ्याभोवती येतो तो होळी पेटल्यावरच उतरतो. खिशात ज्येष्ठमध असतो. थोरली बहीण अक्का माझ्याच घरी राहते. ती म्हणते, "याचा गळा म्हनजे देव्हाऱ्यातली मूर्ती हाय. वस्त्राशिवाय दर्शन नाई."

तर झालं असं. आमच्या शाळेत काळे मास्तर नवे आले. तरुण माणूस, अमरावतीला शिकून आलेला, छातीवर शिट्टी लटकवलेली. त्यांनी आल्या आल्या लहान मुलांचं बालवीर पथक काढलं. सात ते नऊ वर्षांची पाच पोरं जमली आणि सहावी माझी लेक सुमी. ही आठ वर्षांची. मुलींचं पथक गावात नव्हतं. पण बुलढाण्याला होतं, तिथं एक बाई ते चालवत होत्या. मेळावा भरायचा होता, त्यात नव्या मुलांना शपथ द्यायची होती. मास्तर म्हणाले, सुमतीला त्या बाई शपथ देतील, फक्त घरचं कुणीतरी वडीलधारं सोबत हवं.

अक्कानं आधी साफ नाही म्हटलं. मग सुमीनं दोन दिवस भाकरीला हात लावला नाही, तेव्हा तिनं निकाल दिला. "एक खेप जाऊ दे. शपथ घेऊन आली तं पुढं पाहू. तशीच वापस आली तं खेळ संपला, मंग घरी बसून बाळाले सांभाळन." बाळ म्हणजे सुमीचा धाकटा भाऊ, तेव्हा तो रांगत होता. सुमीनं मान हलवली. आणि वडीलधारं म्हणून घरात जो माणूस रिकामा होता त्याच्या गळ्यात ही सोबत पडली.

लढाईचे दिवस. कापड मिळत नव्हतं. पोरांचे खाकी कपडे कुठून यायचे? शिंप्यानं कुणाच्या आजोबाचा कोट, कुणाच्या घरचा जुना तंबू असं काय काय उसवून, बाभळीच्या सालीच्या रंगात बुडवून गणवेश शिवले. पाच पोरांच्या अंगावर पाच तऱ्हेची खाकी होती. शिवताना 'पोरगं वाढतं आहे' हा विचार शिंप्यानं इतका मनावर घेतला होता की चड्ड्या पोटऱ्यांपर्यंत पोचत होत्या. सुमीचा झगा तिच्या आईच्या निळ्या लुगड्याचा, काठ आत दुमडून शिवलेला. गळ्यातले रुमाल पिवळे हवे होते. पिवळा रंग बाजारात नव्हता, पण हळद घरोघर होती. रुमाल हळदीत बुडवले.

त्या रुमालांचा एक नियम होता, तोही इथंच सांगतो. सकाळी उठल्यावर रुमालाच्या टोकाला गाठ मारायची. दिवसभरात कुणाचं तरी एक भलं काम करायचं. काम झालं की गाठ सोडायची, पण दिवस मावळायच्या आत. मास्तरांनी बजावलं होतं, "प्रवासाच्या तीन दिवसांत निदान एक तरी गाठ सुटली पाहिजे. ज्याची एकही सुटणार नाही, त्याची शपथ पुढल्या वर्षी."

मला वाटलं, यात काय अवघड आहे. वऱ्हाडात भलं काम करायला जागा मिळत नाही, हे मला तोवर कळलेलं नव्हतं.

बीबी ते मेहकर

बंडीत कडबा पसरून आम्ही निघालो. पौषातली थंडी, दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यात आलेली. गाडीवानानं वाटेत एका ओळखीच्या शेतात बैल सोडले आणि आम्ही हुरडा खाल्ला. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसं, हातावर चोळून काढलेले कोवळे हिरवे दाणे, सोबत तिळाची चटणी. ज्यानं हे खाल्लं नाही त्याला समजावून सांगता येत नाही, आणि ज्यानं खाल्लं आहे त्याला सांगायची गरज नाही. मी इतका खाल्ला की पुढचा सगळा रस्ता मास्तरांच्या शिट्टीसारखा श्वास घेत होतो.

बंडीत मास्तर पोरांकडून शपथ घोकून घेत होते. "मी वचन देतो की देवाशी आणि देशाशी इमान राखण्याचा, आणि दररोज एक तरी भलं काम करण्याचा, मी शक्य तितका प्रयत्न करीन." पाटलाचा बापू खच्चून ओरडायचा. गजा नावाचं एक पोरगं होतं, ते शेवटचा शब्द तेवढा म्हणायचं, पण सगळ्यांच्या वर. सुमीचे ओठ हलत होते, आवाज मात्र येत नव्हता.

"सुमती, आवाज?" मास्तर म्हणाले.

"मनात म्हनून राह्यली," ती म्हणाली.

मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "बाबा, तुमचा गळा कसा हाय?"

मला फार बरं वाटलं. घरात हा प्रश्न मला कुणी आपण होऊन विचारत नाही.

मुक्काम मेहकरच्या अलीकडे एका खेड्यात होता, माझ्या बायकोच्या मावशीकडे. मावशी दारात उभी होती. पोरं खाली उतरली. दिवसभराच्या घामानं हळद उतरून सहाही गळे पिवळे झाले होते. मावशीनं एकेकाला निरखलं.

"काऊन रे पोट्टेहो, लगन कोनाचं हाय? सगळ्यायलेच हळद लागली?"

दिवस मावळायला घटकाच उरली होती आणि सगळ्यांच्या गाठी तशाच होत्या. पोरं कामावर तुटून पडली. दोघं घागर घेऊन विहिरीकडे धावले. मावशी मागून धावली. "ठेव ते घागर. पाव्हन्यानं पानी भरलं तं गाव मले काय म्हनन?" गजानं केरसुणी उचलून अंगण झाडायला घेतलं. मावशीनं ती हिसकावली. "दिवेलागनीले झाडते का रे? लक्ष्मी बाहेर काढतं माह्या घरातली?" बापू आत गेला आणि बाजेवर झोपलेल्या मावशीच्या नवऱ्याचे पाय चेपू लागला. ते दचकून उठले, विंचू विंचू म्हणून ओरडले आणि बापूला लाथ बसली.

मी मावशीला बाजूला घेऊन सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, यांना काहीतरी काम सांग, तेवढीच यांना मदत होईल. मावशीचा चेहरा उतरला. "जावईबापू, माह्या घरी काय कमी पडलं ते सरळ सांगा. लेकरायले कामाले लावा म्हनता, म्हनजे मी पाहुनचार कराले म्हातारी झाली का?" आता आमच्या घरी पाहुणा दुसऱ्या दिवशी टिकला तर अक्का त्याच्यापुढे निवडायला डाळ ठेवते. पण ते मावशीला सांगून काय उपयोग? उलट माझ्या ताटात भरीत दुप्पट पडलं आणि ठेचा तिप्पट.

तरी पोरं हुशार. गजानं उलटा पडलेला किडा सरळ केला आणि गाठ सोडली. बापूनं मावशीच्या कोंबड्या खुराड्यात घातल्या. त्याच आपण होऊन आत जात होत्या, पण हा दाराशी उभा राहिला, म्हणून त्याचीही सुटली. इतरांनी असंच काहीबाही जमवलं.

सुमीला मात्र मावशी अडवत नव्हती. सुमीनं वाती वळल्या, दिवा लावला, मावशीच्या नातवाला कडेवर घेऊन फिरवलं, पाटपाणी केलं. मी म्हटलं, "सुमे, सोड गाठ. तुझी तर चार वेळा सुटायला हवी."

"हे तं घरचंच काम हाय, बाबा. रोजच करा लागते. ह्याले भलं काम कसं म्हनाव?"

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर शिट्टीशी चाळा करू लागले. त्यांच्या पुस्तकात याचं उत्तर नसावं. सूर्य गेला, गाठ राहिली.

कोळशाची मोटर

मेहकरला सकाळी पैनगंगेवर तोंडं धुतली. पाणी इतकं गार होतं की मी फक्त नदीला नमस्कार केला. सुमीनं रुमालाला दुसरी गाठ मारली, पहिलीच्या शेजारी.

चिखलीला जाणारी सर्व्हिस मोटर उभी होती. लढाईमुळे पेट्रोल नाही, म्हणून तिच्या पाठीशी एक मोठं पिंप बसवलेलं होतं. त्यात कोळसा पेटवायचा आणि त्या धुरावर मोटर चालायची. क्लीनर एक चाक गरागरा फिरवून विस्तव फुलवत होता. आमच्या चुलीला आणि त्या मोटरीला एकच रोग होता, कोळसा ओला असला की दोघींनाही खोकला. मी शेवटच्या बाकावर बसलो, म्हणजे पिंपाला चिकटून. ऊब चांगली होती. धूरही होता. मी मफलर नाकापर्यंत ओढला आणि खोकलो.

पुढच्या बाकावरून सुमी लगेच वळली. "खोकला कवापासून हाय?"

"आत्ताचाच आहे. धुरानं."

"पक्कं?"

"पक्कं."

तिची नजर माझ्या गळ्यावरून हटत नव्हती. मला वाटलं, पोरगी किती मायाळू आहे, बापावर गेली.

चढ आला आणि मोटर थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "उतरा सारे. ढकला." उतारू उतरले. एक सावकारी पोटाचे गृहस्थ म्हणाले, आम्ही काय बैल आहोत का, पण उतरले तेही. आमच्या पोरांना तर पर्वणीच लाभली. पाच खाकी आणि एक निळा झगा मागून भिडले. मी बाजूनं चालत "हां, जोर लावा" असं म्हणत होतो. मोठ्या कामात असाही एक माणूस लागतो. मोटर खोकली, हादरली आणि चढ चढून गेली. जाताना पिंपातली सगळी काजळी तिनं पोरांच्या तोंडावर सोडली.

"सुटली, सुटली," म्हणत पाचही जणांनी गाठी सोडल्या. काळी तोंडं, पिवळे गळे, पांढरे दात.

सुमी गाठ धरून उभी होती. बापू म्हणाला, "सोड बे. तू बी तं ढकलली."

"आपुन त्याच मोटरीनं जाऊन राह्यलो ना?"

"हो. मंग?"

"मंग आपली मोटर आपनच ढकलली. त्यात दुसऱ्याचं काय भलं केलं?"

बापू विचारात पडला. चिखली येईपर्यंत तो आपल्या रुमालाच्या टोकाकडे पाहत होता आणि शेवटी त्यानं आपली गाठ परत मारली. गजा म्हणाला, "मी नाई मारत. माहं आंग दुखून राह्यलं, म्हनजे भलंच झालं कोनाचं तरी."

चिखली

चिखलीला धर्मशाळेत उतरलो तेव्हा ऊन उतरत होतं. मास्तर पोरांना घेऊन विहिरीवर काजळी धुवायला गेले. बापू वाटेत एका आंधळ्या बाबाची काठी धरून त्याला मारुतीपर्यंत पोचवून आला आणि त्यानं आपली गाठ या वेळी रीतसर सोडली. राहिली एकटी सुमी.

ती धर्मशाळेच्या पायरीवर बसली होती. मला आता राहवेना. उद्या मेळावा. एकही गाठ न सोडता ही गेली तर मास्तर नियम मोडणार नाहीत, आणि घरी अक्काचा नियम त्याहून कडक. मी एक युक्ती केली. पाय फरपटत तिच्याजवळ गेलो आणि "आई गं" म्हणून बसलो.

"काय झालं?"

"काटा गेला. बाभळीचा. तूच काढ बाई, मला वाकवत नाही."

तिनं झग्याची टाचणी काढली, माझा पाय मांडीवर घेतला आणि काटा शोधू लागली. काटा नव्हताच, त्यामुळे तो सापडेना. तिनं सगळीकडे टोचून पाहिलं. पायातून रक्त आलं तेव्हा मी खरोखरच ओरडलो.

"बाबा, काटा नाई तुमच्या पायात."

"असेल बघ. खोल असेल."

"नाई. तुमी उगाच करून राह्यले. मले गाठ सोडता याव म्हनून." ती रागावली नव्हती. तिनं पाय खाली ठेवला, टाचणी झग्याला परत लावली. "राहू द्या. नाई सुटली तं नाई सुटली. मले शपथच घ्यायची नाई."

मी पायाचं दुखणं विसरलो. भाकरी सोडून जिनं ही वारी मिळवली, तीच असं म्हणत होती. "अगं, का?"

तिनं रुमालाच्या दोन्ही गाठी चाचपल्या. मग म्हणाली, "शपथ मोडली तं मानूस मरते ना?"

"कुणी सांगितलं?"

"अक्कानं. गळ्याची शपथ घेतली अन् मोडली, तं ज्याचा गळा असते ते मानूस मरते. मी दोन दिवस पाह्यलं, रोज एक भलं काम जमते का म्हनून. दोन दिवसांत एक बी नाई जमलं. जल्मभर कसं जमन?"

आता मला एकेक गोष्ट उलगडू लागली. ओठांतली शपथ. पुन्हा पुन्हा विचारलेला गळा. आमच्या घरात शपथ अशी नुसती नसतेच. साखर कुणी खाल्ली इथपासून गळा चिमटीत धरावा लागतो, आपला नाही तर दुसऱ्याचा. लेकराला वाटलं, बुलढाण्याची एवढी मोठी, मैदानावरची, शिट्टी वाजवून घ्यायची शपथ; तिला तर गळा हवाच.

"आणि तू गळा कुणाचा धरणार होतीस?"

"तुमचा," ती म्हणाली. "आईचा कसा देऊ? तिच्यापाशी बाळ हाय. अक्काले इचारलं असतं तं तिनं मारलं असतं."

म्हणजे घरातली माणसं एकेक करून पारखली तेव्हा ओवाळून टाकायला निघालो तो मी. तिची निवड चुकली असं मला म्हणता येईना. मी हसलो, पण ते हसू नीट निघालं नाही. म्हटलं, "वेडी आहेस. असं कुणी मरत नसतं."

"मंग अक्का खोटं बोलते?"

 अक्का खोटं बोलते असं म्हणून मला त्याच घरात परत जायचं होतं. तेवढ्यात समोरच्या कडुलिंबामागं सूर्य गेला, आणि दुसरी गाठही तशीच राहिली.

बुलढाणा

चिखलीहून सकाळच्या मोटरीनं निघालो ते मैदानापाशीच उतरलो. बुलढाणा उंचावर आहे, हे कानांना आधी कळतं. वारा असा की मफलरालाही हुडहुडी भरावी. साहेब लोकांचे बंगले, मोठी झाडं, स्वच्छ रस्ते. आमच्याकडे रस्त्यावर माणूस दिसला की तो कुठं चालला ते विचारतात. इथं कुणी कुणाला विचारत नव्हतं. मी दोघातिघांना आपण होऊन सांगितलं, आम्ही बीबीचे. ते बरं म्हणाले आणि गेले.

मैदानावर गावोगावची पथकं आली होती. खाकीचे जितके रंग मी तिथं पाहिले तितके निसर्गात नसतील. आमचे पिवळे गळे पाहून एका पथकानं आम्हाला 'कावीळवाले' असं नाव दिलं. बापूनं त्यांना उत्तर देण्यासाठी बाही वर केली, पण मास्तरांची शिट्टी वाजली.

मुलींचं पथक एका बाजूला उभं होतं. त्यांच्या बाई मध्यम वयाच्या, नऊवारीवर खाकी पट्टा, चालणं झपझप. मास्तरांनी सुमीला त्यांच्या हवाली केलं आणि हळूच दोन गाठींचं सांगितलं. तिनं सकाळी तिसरी मारली होती. शपथ घेणार नाही म्हणाली, पण गाठ मारायची ती मारलीच. बाई म्हणाल्या, "दुपारपर्यंत पाहू."

मी पालकांच्या सतरंजीवर बसलो. समोर धाडच्या पथकाची रांग होती, तिच्या शेवटी एक अगदी चिमुकलं पोरगं. सगळे ताठ उभे होते आणि हे मात्र दोन्ही हातांनी पोट धरून वाकलेलं. सलामीचा हुकूम झाला. सगळ्यांचे हात कपाळाला गेले, याचे पोटावरच. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण आवाज नव्हता. मला वाटलं, पोट दुखत असेल, माझ्याकडे ओव्याची पुडी होती, ती चाचपू लागलो.

मी पुडी शोधेपर्यंत मुलींच्या रांगेतून सुमी निघाली होती. ती सरळ त्या पोरापाशी गेली. त्याच्या कानात काहीतरी म्हणाली. त्यानं मान हलवली. मग मला कळलं की त्याच्या चड्डीचा नाडा तुटला होता, आणि हात सोडले असते तर सबंध जिल्ह्यासमोर ती खाली आली असती.

सुमीनं गळ्यातला रुमाल काढला आणि त्याच्या कमरेभोवती घातला. पुरेना. गाठींनी तो आखूड झाला होता. तिनं एक गाठ दातांनी सोडली. मग दुसरी. मग तिसरी. रुमाल लांब झाला, कमरेला वेढा बसला, आणि तिनं पुढे अशी काही गाठ मारली की मास्तर नंतर म्हणाले, ती पुस्तकात तिसऱ्या वर्षी आहे. पोरानं एक हात सोडून पाहिला. चड्डी राहिली. दुसरा सोडला. मग त्यानं नाक पुसलं आणि सलामी दिली, तोवर बाकीच्यांची संपून गेली होती.

सुमी उघड्या गळ्यानं आपल्या जागी परतली. गळा पिवळाधमक होता.

बाई तिच्यासमोर आल्या. "तुझा रुमाल?"

"त्याले देल्ला."

"आणि गाठी?"

"सोडल्या. पुरत नव्हता."

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी सुमीकडे. तिला काही कळलेलं दिसत नव्हतं. भलं काम तीन दिवस शोधून सापडत नव्हतं, आणि करून झालं तेव्हा तिचं लक्ष नाड्याकडे होतं.

"चल, पुढे ये," बाई म्हणाल्या. "शपथ घे."

सुमी पुढे गेली नाही. तिनं स्पष्ट विचारलं, "बाई, शपथ कोनाच्या गळ्याची?"

काही मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत. "ही कुणाच्या गळ्याची नसते."

"मंग ते पक्की कशी होईन?"

बाईंना हा प्रश्न याआधी कुणी विचारलेला नसावा. त्या काही सांगायच्या आत मी सतरंजीवरून उठलो. का उठलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. गुडघे वाजले, दोन माणसांच्या पायांवर माझा पाय पडला. मी सुमीपाशी गेलो, मफलर सोडला आणि तिच्या गळ्यात घातला. वारा घशाला असा लागला की डोळ्यांत पाणी आलं. ते वाऱ्याचंच होतं असं मी घरी सांगितलं आहे.

"माझ्या गळ्याची घे," मी म्हणालो.

"अन् मोडली तं?"

"तू शपथ पाठ केलीस ना? काय म्हटलंय त्यात? शक्य तितका प्रयत्न करीन."

"हो."

"मग मीही शक्य तितकाच मरेन."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. शपथेत असं चालतं का, याचा ती विचार करत होती. अक्काच्या शपथांत 'शक्य तितकं' नसतं. मी तर आयुष्यभर याच दोन शब्दांवर चालत आलो, आणि त्यांचा एवढा उपयोग कधी होईल असं मला वाटलं नव्हतं.

"वाका," ती म्हणाली.

मी वाकलो. तिनं डाव्या हाताच्या चिमटीत माझा गळा धरला. बोटं बर्फासारखी होती. उजवा हात कपाळाला नेला. बाईंनी एकेक शब्द सांगितला आणि तिनं तो म्हटला, या वेळी ओठांत नाही, मोठ्यानं. 'शक्य तितका' आलं तेव्हा चिमटी जरा सैल झाली. सबंध मैदान पाहत होतं. एक बीबीचा प्रौढ गृहस्थ, उघडा गळा पोरीच्या चिमटीत, कमरेतून वाकलेला. मागून त्या सावकारी पोटाच्या गृहस्थांचा आवाज आला, तेही कुणाचे तरी पालक निघाले. "हा कोन्ता विधी हाय हो? आमच्या पोरीच्या टायमाले आमाले बी वाका लागते का?"

परत बीबी

परत येताना मला खरंच खोकला झाला. सुमीनं सगळ्या वाटेनं मला ज्येष्ठमध चारला. धाडच्या पोरानं रुमाल परत केला होता, पण आता त्याची हळद उडाली होती.

अक्का दारातच होती. "घेतली का शपथ?"

"घेतली," सुमी म्हणाली.

"कोनाच्या गळ्याची?"

"बाबाच्या."

अक्कानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं केलं," ती म्हणाली. "तोच बिनकामाचा होता." मग सुमीच्या गळ्यातला रुमाल ओढून घेतला, उजेडात धरला आणि म्हणाली, "हळद कोनं लावली होती, तुह्या मायनं? फटकडी नाई टाकली, तं रंग टिकन कसा? आन इकडं, मी रंगवून देतो." तो तिचा पुढच्या वर्षाचा निकाल होता. 

आता रोज सकाळी सुमी गाठ मारते. बहुतेक दिवशी दुपारपर्यंत ती सुटते. कधी कधी राहते, आणि दिवस कलला की माझा जीव थोडा खालीवर होतो. शेवटी गळा माझा आहे. काल अशीच वेळ आली. ऊन अंगणाच्या कडेला गेलं होतं आणि रुमालाची गाठ जिथल्या तिथं. मी ओट्यावर बसल्या बसल्या म्हटलं, "सुमे, माझा चष्मा कुठं गेला गं? दिसेना मला."

ती आली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"कपाळावर हाय, बाबा."

तिनं तो खाली ओढून माझ्या नाकावर बसवला, गाठीला हात लावला नाही, आणि पळत बाहेर गेली, खरं काम शोधायला. मी मफलर जरा सैल केला आणि उन्हाकडे पाहत बसलो.